सह्यांचा कागद घरी ठेवा

(या सदराच्या लेखिका न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपच्या नियोजन विभागातून निवृत्त झाल्या आहेत. घर, जागा, परवानगी आणि टाउन हॉलमधल्या इतर डोकेदुख्यांवर त्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

कुंपणाची उंची किती आणि तळघरात भाडेकरू ठेवता येतो का, ही नेहमीची पत्रं यावेळी मागे ठेवते. या महिन्यात जवळजवळ सगळ्यांनी एकच विचारलंय: गांजाचं दुकान आमच्याच शेजारी का? काहींनी उलटंही विचारलंय. पहिल्या पत्राला जागा जास्त देते, कारण त्यातला गोंधळ मी नोकरीत असताना सतत पाहिला.

प्रश्न: ताई, आमच्या टाउनमध्ये हायवेवरच्या बंद पडलेल्या बँकेच्या इमारतीत गांजाचं दुकान काढायचा अर्ज आला आहे. मागे लागूनच आमची वसाहत आहे. पलीकडच्या हॉलमध्ये दर रविवारी आमची मराठी शाळा भरते. शेजाऱ्यांना टाउनचं रजिस्टर्ड पत्र आलं, आम्हाला आलंच नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात आम्ही सहाशेच्या वर सह्या गोळा केल्या, तर बोर्डाच्या वकिलाने त्या हातात घ्यायलाही नकार दिला. सहाशे माणसांचं ऐकायचं नाही, हा कुठला न्याय?
– एक आई, मध्य न्यू जर्सी

उत्तर: सह्या घेतल्या नाहीत ते बरोबरच केलं. रागावू नका, आधी कारण ऐका.

असल्या अर्जावर निकाल देणारं जे बोर्ड (टाउनचं प्लॅनिंग किंवा झोनिंग बोर्ड) तुमच्यासमोर बसतं ते त्या संध्याकाळी ग्रामसभा नसतं, छोटं कोर्ट असतं. अर्जदाराचा इंजिनिअर, ट्रॅफिकचा तज्ज्ञ, प्लॅनर, सगळे शपथेवर बोलतात. त्यांना उलट प्रश्न विचारायचा हक्क तुम्हालाही असतो. निकाल द्यायचा तो रेकॉर्डवर आलेल्या पुराव्यावरच. कागदावरच्या सहीला उलट प्रश्न कोण विचारणार? ती सही करणारी बाई टाउनमध्ये राहते की फराळाला पाहुणी आली होती, हे बोर्डाला कळायला मार्ग नाही. समजा बोर्डाने गर्दी बघून अर्ज फेटाळला, तर अर्जदार ४५ दिवसांच्या मुदतीत सुपीरियर कोर्टात जाणार, तिथे हा निकाल टिकणं कठीण, आणि टाउनच्या वकिलाची फी तुमच्या-माझ्या प्रॉपर्टी टॅक्समधून जाणार.

सह्यांचीही एक वेळ होती, ती निघून गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यभर मतदान झालं, ६७ टक्क्यांच्या आसपास लोकांनी गांजा कायदेशीर करायला होकार दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक टाउनला १८० दिवस मिळाले: हवं तर बंदी घाला, नको तर अटी घाला. राज्यातल्या तेव्हाच्या ५६५ टाउनांपैकी सुमारे ४०० ठिकाणी बंदी घातली गेली. यातली गंमत अशी, की जिथे निम्म्याहून जास्त लोकांनी मतपत्रिकेवर होकार दिला, तिथल्याही कितीतरी कौन्सिलांनी बंदीचाच ठराव केला. कायद्याला हो, दुकानाला नाही. राज्याच्या पातळीवर उदार आणि आपल्या गल्लीत सावध, हा स्वभाव काही आपल्याच लोकांचा नाही.

तुमच्या टाउनने बंदी घातली नाही, म्हणजे बहुधा तुमच्या कौन्सिलने कधीतरी नकाशा पुढ्यात घेऊन ऑर्डिनन्स (टाउनचा स्थानिक कायदा) केला असणार: दुकान कुठल्या झोनमध्ये, म्हणजे टाउनच्या कुठल्या ठरवून दिलेल्या भागात, किती दुकानं, शाळेपासून किती अंतर, बंद किती वाजता करायचं. त्या ऑर्डिनन्सचं दुसरं वाचन होतं तेव्हा जाहीर सुनावणी होते. त्या रात्री कौन्सिल कायदा करत असतं, निवाडा देत नसतं. तिथे सहाशे सह्या, भरलेला हॉल, पुढच्या निवडणुकीची आठवण, सगळं चालतं. झोनिंगच्या बदलाविरुद्ध तर कायद्यात आणखी एक हत्यार आहे. बदल होणाऱ्या भागातल्या किंवा त्याच्या दोनशे फुटांतल्या वीस टक्के क्षेत्राच्या मालकांनी लेखी हरकत घेतली, तर कौन्सिलला साधं बहुमत पुरत नाही, दोन तृतीयांश मतं लागतात. मी नोकरीत असताना असल्या सुनावणीला हॉलमध्ये कोण असायचं सांगू? कौन्सिल, क्लार्क, कोपऱ्यात पेंगणारा पोलीस, आणि दर मीटिंगला रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलणारे एक आजोबा. वर्षभराने अर्ज येतो आणि मग पार्किंगला जागा मिळत नाही.

बरं, झालं ते झालं. आता हातात काय आहे ते बघू.

पत्राचं आधी. सुनावणीची नोटीस दोनशे फुटांच्या आतल्या मालकांनाच जाते, किमान दहा दिवस आधी. भाडेकरूला येत नाही. तुमचं घर दोनशे फुटांच्या पलीकडे असेल तर पत्र न येणं कायद्याला धरून आहे, पण म्हणून तुमचा येऊन बोलायचा हक्क जात नाही. मात्र टाउनच्या प्रमाणित यादीत नाव असूनही एखाद्या मालकाला नोटीस पाठवलीच नसेल तर नोटीस सदोष ठरते आणि बोर्डाला सुनावणी घेता येत नाही. टाउनकडून ती दोनशे फुटांची यादी मागा आणि त्यातल्या कुणाला पत्र पाठवलं नाही ते ताडून पाहा. यातून फार तर महिनाभर मिळेल. पण तयारीला महिना म्हणजे पुष्कळ.

मग बोर्डाच्या सेक्रेटरीकडे जाऊन अर्जाची फाइल बघा. सुनावणीच्या दहा दिवस आधी ती लोकांना बघायला ठेवलेली असते. एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात ऑर्डिनन्स घेऊन बसा. गांजाचं दुकान बहुतेक ठिकाणी ‘कंडिशनल यूज’ असतं, म्हणजे अटी पाळल्या तर परवानगी. सगळ्या अटी पाळल्या असतील तर प्लॅनिंग बोर्डाला नाही म्हणायला जवळजवळ जागाच उरत नाही. पण एक जरी अट मोडत असेल तर प्रकरण झोनिंग बोर्डाकडे जातं आणि तिथे सातपैकी पाच मतं मिळवावी लागतात. साधं बहुमत नाही, पाच. तेव्हा सगळी ताकद ती एक अट शोधण्यात घाला. पार्किंगच्या जागा मोजा. कुंपणाच्या कडेने किती फूट झाडी ठेवायची ते बघा. आणि अंतर.

अंतर म्हटलं की लोक समजतात टेप लावली की झालं. कुठून कुठे लावायची? दाराच्या उंबऱ्यापासून की जागेच्या हद्दीपासून? पक्षी उडतो तसं सरळ की माणूस चालतो तसं? न्यू जर्सीत दारूच्या दुकानाला शाळा आणि चर्चपासून दोनशे फुटांचा राज्याचा नियम आहे, तो माणूस फुटपाथवरून चालत जाईल तसा मोजतात. गांजाच्या दुकानाचं अंतर मात्र प्रत्येक टाउन आपापलं ठरवतं आणि कसं मोजायचं तेही. कुठे हद्दीपासून हद्दीपर्यंत, कुठे दारापासून हद्दीपर्यंत. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात यावरून केवढी फजिती झाली बघा. शाळेच्या आवारापासून पाचशे फूट असा कायदा. परवाना देणाऱ्या सरकारी खात्याने मोजलं शाळेच्या दारापर्यंत. २०२५ च्या जुलैमध्ये खात्यानेच जाहीर केलं, की मोजायला हवं होतं आवाराच्या हद्दीपासून. दीडशेच्या आसपास दुकानदार आणि अर्जदार एका रात्रीत नियमाबाहेर गेले. त्यात कित्येकांनी आयुष्यभराची पुंजी लावून दुकान थाटलं होतं.

आपल्याकडचं तर तुम्हाला आठवत असेल. डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायवेपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं. केरळातल्या एका बारने दारापुढे भिंती घालून अशी नागमोडी वाट केली, की चालायचं अंतर वाढून नियमात बसावं. काही राज्यांनी तर शहरातून जाणाऱ्या रस्त्याचा हायवेचा दर्जाच काढून टाकला. आकडा कागदावर कडक दिसतो. खरा नियम असतो तो मोजायच्या पद्धतीत, आणि तो पानाच्या तळाशी लहान अक्षरांत छापलेला असतो.

आता मराठी शाळेचं. वाईट वाटेल, पण बहुतेक ऑर्डिनन्समध्ये शाळेची व्याख्या बालवाडी ते बारावीची सरकारी किंवा खासगी शाळा अशी असते. कुठे त्यात डे-केअर धरतात, कुठे देऊळ-चर्च. रविवारी दोन तास भाड्याच्या हॉलमध्ये ‘कमळ क क’ गिरवणारी शाळा सहसा कशातच बसत नाही. व्याख्येचं पान स्वतः वाचा, आणि शाळा त्यात नसेल तर सुनावणीत तिच्यावर वेळ घालवू नका. तो हॉल देवळाचा किंवा चर्चचा असेल तर मात्र बघा, हॉलच्या मालकाच्या नावाने अट लागू पडू शकते.

माइकसमोर उभं राहून काय बोलायचं? हायवेवरून डावीकडे वळायला जागा आहे का, शनिवारी दुपारी गाड्यांची रांग वसाहतीच्या रस्त्यावर येईल का, दिव्यांचा झोत कुणाच्या बेडरूममध्ये पडतो, कचऱ्याची गाडी पहाटे किती वाजता येणार. ट्रॅफिकच्या तज्ज्ञाला विचारा, गाड्या मोजल्या त्या कुठल्या वारी आणि तेव्हा शाळांना सुट्टी होती का. असल्या प्रश्नावर तो घुटमळला की बोर्डाचे सदस्य पेन उचलतात. फोटो आणणार असाल तर ते स्वतः काढलेले हवेत, आणि काढणारी व्यक्ती हजर हवी. ‘आमच्या संस्कृतीत बसत नाही’ हे वाक्य रेकॉर्डवर गेलं की अर्जदाराचा वकील निवांत होतो, कारण संस्कृतीवर निकाल देता येत नाही हे त्याला ठाऊक असतं. गांजा चांगला की वाईट हा प्रश्न त्या टेबलावर नसतोच. तो २०२० मध्ये सुटला, तुमच्या-माझ्या मनाविरुद्ध सुटला असला तरी.

वासाबद्दल घाबरला असाल तर थोडं सांगते. दुकानात माल सीलबंद पाकिटात येतो आणि तसाच जातो. वास येतो तो लागवडीच्या गोदामातून, नाहीतर रस्त्यावर ओढणाऱ्यांकडून. दुसऱ्या प्रकाराला झोनिंगकडे औषध नाही.

अर्ज मंजूर होणार असं दिसलं तरी उठून जाऊ नका. सगळ्यात उपयोगाचं काम तेव्हाच होतं. बोर्ड वाजवी अटी घालू शकतं: मागच्या बाजूला उंच कुंपण, दिव्यांना झाकण, सुरुवातीचे काही आठवडे गाड्या वळवायला माणूस, मागच्या दाराने माल उतरवायच्या वेळा. या अटी ठरावात लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला पुढच्या मालकाच्या वेळी कोणी विचारत नाही.

प्रश्न: आमच्या टाउनने २०२१ मध्येच बंदी घातली. तरीही शेजारच्यांच्या घरी आठवड्याला डिलिव्हरीची गाडी येते. तक्रार कुठे करायची?
– एक निवृत्त वाचक, मॉरिस काउंटी

उत्तर: कुठेच नाही. टाउनला दुकान, गोदाम, डिलिव्हरी कंपनीचं ऑफिस नाकारता येतं, पण परवानाधारक कंपनीने रहिवाशाच्या दारात माल पोचवणं थांबवता येत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. शेजारी एकवीस वर्षांपुढचे असतील तर विषय संपला.

तुम्ही बंदीचा उल्लेख अभिमानाने केलाय म्हणून माझं मत सांगते, पटेल असं नाही. मला सरसकट बंदी आळशीपणाची वाटते. मॉरिस काउंटीत असो की आणखी कुठे, आपल्या टाउनने बंदी घातली की दुकान हद्दीच्या पलीकडे, शेजारच्या टाउनच्या टोकाला येतं. कधी कधी तुमच्याच मुख्य रस्त्यावर, फक्त पाटी दुसऱ्या टाउनची. गाड्या तुमच्या चौकातून जातात आणि विक्रीवरचा दोन टक्क्यांपर्यंतचा स्थानिक कर त्यांच्या तिजोरीत. शिवाय त्या सुनावणीत तुमच्या कौन्सिलला मत नाही. त्यापेक्षा स्वतः कडक ऑर्डिनन्स करावा: एकच दुकान, अमुक झोन, अमुक वेळ. बंदी घातलेलं टाउन केव्हाही विचार बदलू शकतं. ज्यांनी २०२१ मध्ये काहीच केलं नाही त्यांचे हात मात्र पाच वर्षं बांधलेले. तिथे लागवडीला औद्योगिक झोनमध्ये आपोआप परवानगी मिळाली, आणि व्यापारी झोनमध्ये दुकान ‘कंडिशनल यूज’ ठरलं. ती पाच वर्षं ऑगस्ट २०२६ मध्ये संपतात आणि बंदीसाठी पुन्हा १८० दिवसांची खिडकी उघडते. अशा टाउनमध्ये राहत असाल तर कौन्सिलच्या अजेंड्यावर डोळा ठेवा.

प्रश्न: दक्षिण जर्सीत माझा छोटा स्ट्रिप मॉल आहे. एक कोपरा दोन वर्षं रिकामा आहे. गांजाच्या दुकानासाठी एक पार्टी नेहमीच्या दीडपट भाडं द्यायला तयार आहे. दुसऱ्या टोकाला माझंच ग्रोसरी स्टोअर आहे, त्यातच काउंटर टाकता येईल का असाही एक विचार आला. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, पुढच्या वर्षी सिटिझनशिपचा अर्ज करणार.
– एक व्यावसायिक

उत्तर: ग्रोसरीतला काउंटर विसरा. अन्नपदार्थ विकणाऱ्या दुकानात गांजा विकता येत नाही, न्यू जर्सीच्या कायद्यातच मनाई आहे. मॉलमधल्या वेगळ्या गाळ्याची गोष्ट निराळी.

भाडं दीडपट का मिळतंय हे कळलं का? जागा दुर्मीळ आहेत म्हणून. बहुतेक टाउनमध्ये बंदी, उरलेल्यांत ठरावीक झोन, त्यातून शाळेभोवतीची वर्तुळं वजा करा, दोन दुकानांमधलं अंतर वजा करा. नकाशावर शेवटी मूठभर गाळे उरतात आणि त्यातल्या निम्म्यांचे मालक तयार नसतात. तुमचा कोपरा सोन्याचा असेल, पण तो नकाशावर परवानगीच्या भागात खरंच येतो का हे आधी झोनिंग ऑफिसरकडून लेखी घ्या. पार्टी ‘आम्ही बघून घेतो’ म्हणेल. त्यांचं बघणं त्यांच्या सोयीचं असतं. परवान्याआधी त्यांना जागा हातात असल्याचं दाखवावं लागतं, म्हणून ते अशी लीज मागतील, की परवाना मिळाला तरच भाडं सुरू. तोवर तुमचा गाळा अडकून. जागा धरून ठेवायचे पैसे पहिल्या महिन्यापासून मागा.

मॉर्टगेजचा कागद काढा. फेडरल कायदा मोडणारा भाडेकरू ठेवणार नाही, असं कलम बहुतेक बँकांच्या कागदांत असतं, आणि राज्याने काहीही म्हटलं तरी फेडरल सरकारच्या लेखी मौजेसाठी गांजा विकणं हा गुन्हाच आहे. बाकीच्या भाडेकरूंच्या लीजही बघा. मुलांचा नाचाचा क्लास असेल तर ते काय म्हणतील? आणि ऑर्डिनन्समध्ये क्लासपासूनही अंतर लिहिलेलं असेल तर हा गाळा देताना तुम्ही दुसऱ्याचा गाळा अडचणीत आणाल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने धोरण जाहीर केलं: राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाच्या धंद्यातला सहभाग नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकतो. मालक, नोकर, गुंतवणूकदार यांना हे सरळ लागतं. घरमालकाला किती लागेल ते इमिग्रेशनच्या वकिलालाच विचारा, पैसे देऊन विचारा, आणि लीजवर सही करायच्या आधी विचारा. रिअल इस्टेट एजंटचा सल्ला इथे चालणार नाही, त्याचं कमिशन सहीवर अवलंबून असतं. माझ्यापुरतं विचाराल तर नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत तो कोपरा रिकामा ठेवा, नाहीतर दाताच्या डॉक्टरला द्या.

प्रश्न: तुम्ही आणि तुमचे वाचक एका गोष्टीवर कधीच बोलत नाही. दिवाळी पार्टीत वाइन चालते, बेसमेंटमध्ये बार असतो, आणि कायदेशीर डिस्पेन्सरी (गांजाचं परवानाधारक दुकान) आली की सगळे सह्या करायला धावतात. ज्या लोकांच्या पोरांना वर्षानुवर्षं याच गांजासाठी तुरुंगात टाकलं, त्यांना आता धंद्याची संधी मिळतेय. ती झोनिंगच्या नावाखाली हिरावणं योग्य आहे का?
– एक तरुण वाचक, नूअर्क

उत्तर: बेसमेंटच्या बारबद्दल मी गप्प बसते, माझ्या भावाच्या घरी आहे.

बाकी तुमचा मुद्दा खरा आहे. न्यू जर्सीत गोऱ्या आणि काळ्या लोकांत गांजाचा वापर जवळपास सारखा असताना काळ्या माणसाला अटक व्हायची शक्यता तिपटीहून जास्त होती. कायद्यात म्हणूनच अशा वस्त्यांतल्या, किंवा पूर्वी शिक्षा झालेल्या अर्जदारांना प्राधान्य ठेवलं आहे. पण परवान्यात प्राधान्य मिळालं म्हणून गाळा मिळत नाही. मोठ्या कंपनीला रिकाम्या गाळ्याचं भाडं वर्षभर भरत बसणं परवडतं. घर गहाण टाकून आलेल्या माणसाला तिसऱ्या महिन्यात श्वास लागतो, आणि सुनावणी पुढे ढकलली की तो संपतो. म्हणून मी सुनावणी लांबवायचे डावपेच सांगताना हात आखडता घेते. वरच्या ताईंना नोटिशीची फट सांगितली, कारण तो त्यांचा हक्क आहे. पण मागच्या टेबलावर बसलेला अर्जदार कोण आहे हेही बघून घ्यावं.

एका ठिकाणी तुमच्याशी वाद घालते. झोनिंग आडवं येतं ते फक्त दुकानदाराच्या नाही. श्रीमंत टाउन बंदी घालतात, मग दुकानं कुठे जातात? जिथे हॉल भरवायला माणसं मोकळी नाहीत, दोन-दोन नोकऱ्या करतात, अशा वस्त्यांत. तिथल्या एकाच रस्त्यावर दुकानांची रांग लागली तर तिथल्या आईलाही तक्रार करायचा तेवढाच हक्क आहे. तिला ‘जुन्या विचारांची’ म्हणू नका. दोन दुकानांमध्ये अंतर हवं, हा नियम मला म्हणूनच शाळेच्या अंतराइतका महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर कोणी सह्या गोळा करताना दिसत नाही.

प्रश्न: मी साताऱ्याहून लिहिते. लेक न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये असते, मी दर उन्हाळ्यात जाते. यंदा तिच्या इमारतीच्या खालीच गांजाचं दुकान उघडलेलं पाहिलं. कोपऱ्यावर देऊळ आहे. आमच्या गावात बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं, आडवी बाटली जिंकली. तिथे तशी सोय नाही का?
– एक आजी

उत्तर: नमस्कार काकू. तुमच्या गावच्या बायकांचं कौतुक. इथल्या वाचकांसाठी सांगते: महाराष्ट्रात गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के मतदारांनी किंवा तेवढ्या महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान घेता येतं. उभी बाटली म्हणजे चालू ठेवा, आडवी म्हणजे बंद.

न्यूयॉर्कमध्ये एका दुकानासाठी असं मतदान नाही. तिथे गावांना ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत ‘आम्हाला नको’ म्हणायची मुदत होती, न्यूयॉर्क शहराने तसं म्हटलं नाही. परवान्यासाठी अर्ज करण्याच्या किमान तीस दिवस आधी अर्जदाराला त्या भागातल्या कम्युनिटी बोर्डाला कळवावं लागतं. बोर्ड लोकांचं ऐकतं, मत कळवतं, पण परवाना देतं राज्य. म्हणजे बोर्डाचं मत सल्ल्यापुरतं.

देवळाचं मात्र लेकीला बघायला सांगा. प्रार्थनास्थळापासून दोनशे फुटांच्या आत दुकान नको असा तिथला कायदा आहे, आणि त्यात देऊळही येतं. मात्र ते खरोखर देऊळ म्हणून चालणारी जागा हवी, कुणाच्या दिवाणखान्यातला देव्हारा नव्हे. एका दुकानापासून दुसरं एक हजार फुटांवर हवं, हाही मोठ्या शहरांसाठी नियम आहे.

त्याआधी एक साधी गोष्ट: दुकान परवान्याचं आहे का? क्वीन्समध्ये बिनपरवाना दुकानांचं पीक आलं होतं. २०२४ मध्ये शहराला कुलूप ठोकायचे अधिकार मिळाले आणि हजाराहून जास्त दुकानं बंद झाली, तरी सगळी संपली असं नाही. परवाना असेल तर दाराजवळच्या काचेवर राज्याचा चौकोनी कोड चिकटवलेला असतो, फोनने स्कॅन केला की खरंखोटं कळतं. नसेल तर झोनिंगच्या भानगडीत पडायचंच कारण नाही, ३११ ला फोन करून तक्रार नोंदवायची.

आणि काकू, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर येता म्हणून बजावते. त्या दुकानात नुसत्या कुतूहलानेही काही घेऊ नका. गुडघेदुखीसाठी मलम चांगलं मिळतं असं कोणी सांगितलं तरी नको. राज्यात चालतं, पण विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी फेडरल सरकारचा असतो, आणि त्याला ‘हो, घेतलं होतं’ एवढं सांगितलं तरी पुढच्या वेळी आत सोडताना अडचण येऊ शकते. आणखी एक, तिथल्या गांजाच्या गोळ्या दिसायला अगदी पोरांच्या जेलीसारख्या असतात. परत निघताना बॅग लेकीने किंवा तिच्या मैत्रिणींनी भरली असेल तर खाऊची उघडलेली पाकिटं बाहेर काढून लेबल वाचा. मुंबईत कस्टमला सापडलं तर १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा लागतो, आणि तिथे न्यूयॉर्कची पावती दाखवून काही उपयोग होत नाही.